उकळत्या जमिनीची रंगीत तालीम

"मी जमीन. आणि मी उकळते. एवढंच ना?" सासूबाईंनी विजेची किटली हातात घेत विचारलं.

"एवढंच," त्यांचा मुलगा म्हणाला. "फक्त मधूनमधून उकळायचं. सारखं नाही."

"सवय सारखं उकळायची आहे. बघते प्रयत्न करून," असं म्हणत जमिनीने चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली.

सोफ्यावर बसलेल्या सुनेने कपाळाला हात लावला. तिच्या छातीशी झोळीत बाळ होतं. त्याच्या डोक्यावर टोपी होती आणि टोपीवर टोपी. नवरा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य पुरवायचं आणि आपण दिसायचं नाही, हे त्याचं काम. त्या कंपनीत रंगीत तालमीशिवाय पडदा उघडत नसे. आता त्याने डोक्यात घेतलं होतं की सहलही तालमीशिवाय निघणार नाही. सहल दोन दिवसांची. जिथे जमिनीतून वाफ येते, चिखल रटरटतो आणि गरम पाण्याचे फवारे उडतात, त्या भागात.

ती शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी निळ्या खडूने फळ्यावर तो फवारा काढायची, पण खरा कधी बघितला नव्हता. नवऱ्याने जागा बरोबर हेरली होती. अडचण वेगळीच होती. बाळ वेळेच्या फार आधी आलं, काचेच्या पेटीत राहिलं, मग घरी आलं, बाळसं धरलं. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल फिरवा. तेव्हापासून ती बाळाला घेऊन दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. कधी वारा सुटलेला असायचा. कधी वारा पडलेला असायचा, तेही तिला बरं वाटायचं नाही. घरात तिला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. ती मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानायची आणि बाळाला आणखी एक टोपी घालायची.

"मी येणार नाहीये," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"नकोच येऊस. ही तालीम आहे. तालमीत जे होतं ते झालेलं नसतं."

त्याने दार उघडलं. बाहेर तळमजल्यावरचा न्हावी उभा होता. अंगात दुकानातला एप्रन, गळ्यात शिट्टी. तो उकळत्या जमिनीचा वाटाड्या होता.

"या वहिनी, या!" तो खड्या आवाजात म्हणाला. "इथे जमिनीखाली सरकारने मोठी चूल बांधलेली आहे."

"चूल नाही हो भाऊ," ती आतूनच म्हणाली. "खोल गेलं की खडकच तापलेला असतो. पाणी मुरत मुरत तिथवर जातं."

"खडक कसा तापेल? ऊन तर वर असतं," म्हणत न्हावी दोन पायऱ्या उतरला.

"उन्हाचा काय संबंध?" ती उंबऱ्यापर्यंत आली.

"आणि पाणी वर का येतं, तर ते खालच्या माणसांना नको असतं. ते वर ढकलतात."

वर्गात असलं उत्तर आलं की तिचा हात आपोआप डस्टरकडे जायचा. "कोण खालची माणसं? दाब असतो तो, दाब! अहो, ऐका तरी! निघालात कुठे?"

न्हावी निघाला होता खाली. जिन्याच्या वळणावरून त्याने ओरडून सांगितलं की ही वाफ तब्येतीला फार चांगली, तान्ह्या बाळाला अगदी जवळ नेऊन शेकावं.

मग मात्र तिला राहवेना. एक हात कठड्यावर, एक बाळाच्या पाठीवर, अशी एकेक पायरी सांभाळत पण न थांबता ती उतरत राहिली. दाब म्हणजे काय, वाफ किती भाजते, बाळ किती लांब ठेवायचं, सगळं उतरता उतरता बजावत राहिली. न्हावी प्रत्येक वळणावर नवी चूक करत होता. नवरा सगळ्या पिशव्या घेऊन मागून येत होता.

अंगणाच्या पार टोकाला सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. न्हाव्याच्या दुकानातून वायर ओढून किटली लावलेली होती. "आले का पर्यटक? मी उकळून गारसुद्धा झाले. आता परत उकळते."

बाळ शिंकलं.

सगळे जागच्या जागी थिजले. तिने वर बघितलं. वर छत नव्हतं. आकाश होतं, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. इतके दिवस त्या खिडकीतून ती हे अंगण बघत होती. तिचा हात टोपीकडे गेला. तेवढ्यात किटलीचं झाकण थडथडलं, वाफेचा लोट उठला, आणि बाळ तिकडे बघून खिदळलं. तोंडात एकही दात नाही हे सगळ्या जगाला दाखवत खिदळलं.

ती तिथेच अंगणात खाली बसली. तिला रडू येत होतं आणि ते हसण्यासारखं दिसत होतं. सासूबाई उठून आल्या. त्यांनी बाळाची वरची टोपी काढली आणि कमरेला खोचली. तिने काढू दिली.

"हे झालेलं नाही ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"छे. तालीम आहे."

"मग खऱ्याचं बुकिंग कर. आणि या भाऊंना वाटाड्या म्हणून मुळीच न्यायचं नाही. एक वाक्य धड येत नाही त्यांना."

न्हाव्याचा चेहरा पडला. त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि तिला ऐकू जात नाही अशा समजुतीने प्रॉम्प्टरच्या कानाशी लागला.

"दादा, माझं काय चुकलं? तुम्ही शिकवलेली एकूण एक चूक मी बरोबर म्हटली."