धोट्यावरचा हात

संग्रहालयात सत्तरीतल्या नरसय्या गुंडेटींनी हातात मोजा चढवला. समोर पितळी आधारावर त्यांच्या आईच्या हातमागाचा, आडवं सूत नेणारा लाकडी धोटा मांडला होता. वस्तू हाताळणाऱ्याचा लाकडात मुरलेला स्पर्श या मोज्यातून हाताला कळायचा. आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली होती. तिचा साधा फोटोही घरात नव्हता.

"लागला! हात लागला!" ते मोठ्यानं म्हणाले. "केवढा मऊ हो! मागावर बसणाऱ्या बाईचा वाटत नाही. आणि करंगळी बघा, टोकाला वाकडी आहे."

शेजारी उभ्या असलेल्या मृणालिनीनं उजवा हात झटकन एप्रनच्या खिशात घातला. संग्रहालयातल्या वस्तू दुरुस्त करून मांडायचं काम तिचं. उघड्या हातानं वस्तूला शिवायचं नाही, नवा स्पर्श जुना पुसून टाकतो, हे ती नव्या लोकांना रोज बजावायची. पण उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि धोटा आधारावर नीट बसत नव्हता. शेवटी हातमोजे काढून तिनं तो दाबून बसवला होता. लहानपणी दारात चेंगरलेली ती करंगळी तिचीच होती.

सांगून टाकायला तिनं तोंड उघडलं. नरसय्या डोळे पुसत होते.

"इतक्या वर्षांनी आई भेटली, ताई, तुमच्यामुळे." त्यांनी पिशवीतून पेढा काढला. "हात करा."

मृणालिनीनं डावा हात पुढे केला.

"अहो, डाव्या हातावर कुणी पेढा घेतं का?" ते हसले, आणि पेढा धरून तसेच थांबले. "उजवा करा की."