तोंडी हरकत

लोकशाहीत प्रत्येकाला बोलण्याचा समान हक्क असतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या सभेत तो प्रत्येकी दोन मिनिटं असतो.

ओल्या कचऱ्याचा खड्डा रावसाहेबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली खणायचा ठराव होता. बोलताना अडखळणाऱ्या रावसाहेबांनी हरकत लिहूनच आणली होती.

"अहो, लेखी हरकतीची मुदत काल संपली," सेक्रेटरी मोबाइलवर वेळ लावत म्हणाले. "आता तोंडीच."

रावसाहेब उभे राहिले. "म... म..."

"मेंटेनन्स?" कोणीतरी मदत केली.

"मच्छर?"

त्यांनी नकारार्थी मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पार्किंगमधल्या खुर्च्यांची करकर थांबली.

"म... माझ्या स्व... स्वयं..."

मोबाइल वाजला. "वेळ संपली. बसा."

&nbsp;

इतिवृत्तात नोंद आहे: श्री. रावसाहेब चांदेरे यांनी सविस्तर विचार मांडले. ठराव एकमताने मंजूर.