हवा भरताना

"भर हवा. बघू तुझा हात," मालक म्हणाला आणि त्याने जमिनीवर आडव्या टाकलेल्या चाकाकडे बोट दाखवलं.

दीर जागचा हलला नाही. तो शिंपी होता. शर्टाच्या खिशात अजून खडू होता. वहिनीनेच त्याला इथवर आणलं होतं.

तिचा नवरा, म्हणजे याचा थोरला भाऊ, याच आवारात टायरचं काम करायचा. लष्कराने लिलावात काढलेले ट्रक मालक उचलून आणायचा, गंज खरवडून, इंजिनं खोलून पुन्हा चालते करायचा आणि खडीवाल्यांना द्यायचा. या गाड्यांच्या चाकात टायर धरून ठेवायला एक लोखंडी रिंग असते. खाचेत नीट बसली तर जन्मभर हलत नाही. नीट बसली नाही, तर हवेच्या दाबाने गोळीसारखी सुटते. महिन्यापूर्वी एक सुटली. थोरला तिच्यावर वाकलेला होता.

आवारामागच्या एका खोलीत ती, सासू आणि दीर राहत होते. "खोली कामगाराची आहे," मालकाने सकाळीच सांगितलं होतं. "कामगारच नाही, तर खोली कुणाची?"

"पिंजरा कुठंय?" दिराने विचारलं.

पिंजरा भिंतीशी होता. चाक त्यात ठेवून हवा भरली की रिंग उडाली तरी गजांवर आपटते, माणसावर नाही. सध्या त्यात जुन्या बॅटऱ्या रचलेल्या होत्या.

"त्यात चाक चढवायला दोन माणसं लागतात," मालक म्हणाला. "तुझ्या भावाने कधी पिंजरा मागितला नाही. छातीचा माणूस होता."

"मागितला होता," ट्रकखालून मिस्त्रीचा आवाज आला.

"काय रे?"

"काही नाही मालक. पाना मागितला."

दिराने नळी लावली. कॉम्प्रेसर धडधडू लागला. दाबाचा काटा चढायला लागला तसा मालक, काहीतरी आठवल्यासारखा, चालत ट्रकच्या पलीकडे गेला. मिस्त्री खालून सरपटत निघाला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"भाऊजी, चाकावर वाकू नका," वहिनी म्हणाली. "लांब व्हा."

तो मागे झाला. काटा निम्म्यावर आला आणि त्याने हवा बंद केली.

"थांबलास का?" पलीकडून मालक.

"रिंग एका बाजूने वर आलीये. बोटभर."

"मग ठोक की. हातोडी काय पूजेला ठेवलीये?"

"आधी हवा सोडायची असते," वहिनी म्हणाली. "सगळी सोडायची, रिंग बसवायची, मग पुन्हा भरायची. हे सांगायचे मला."

"बाई, तुमच्या नवऱ्याला एवढं कळत होतं, तर..." मालकाने वाक्य तिथेच सोडलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "तीन वाजता दुसरा टायरवाला येतोय. बायकापोरं घेऊनच येतोय. त्याला ये म्हणू, की नको म्हणू? तुम्हीच सांगा."

दिराने हातोडीला हात लावला नव्हता. तो वहिनीकडे बघत होता. ती नाही म्हणाली असती तर तो उठून चालू लागला असता. हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

तिने मागे खोलीकडे पाहिलं. उंबऱ्यावर सासू बसली होती. कपाळावर हात आडवा धरून इकडेच बघत होती.

"ठोका, भाऊजी," ती म्हणाली.

त्याने हातोडी उचलली. पहिला घाव निसटता बसला. दुसरा बसला, पण रिंग हलली नाही. तिसऱ्याला खट्‌ असा मोठा आवाज झाला आणि रिंग खाचेत गेली.

वहिनीच्या खांद्याला मिस्त्रीचा खांदा लागत होता. तेव्हा तिला कळलं की, ठोका म्हटल्यावर आपण ट्रकच्या आड येऊन उभ्या राहिलो आहोत.

मालक पुढे गेला. दिराने हातोडी अजून घट्ट धरली होती. त्याची विजार ओली झाली होती. मालकाने ती पाहिली आणि बूट सांभाळत एक पाऊल मागे घेतलं.

"होतं पहिल्यांदा," तो म्हणाला. "हात बरा आहे तुझा. पाच चाकं राहिली. संध्याकाळपर्यंत उरक."

दिराने मान हलवली. वहिनी जवळून गेली तेव्हा त्याने वर पाहिलं नाही, आणि तीही थांबली नाही.

खोलीत सासूने गाठोडं बांधून ठेवलं होतं.

"काय म्हणाले?"

"खोली राहिली."

सासूने गाठोड्याची गाठ सोडली आणि एकेक भांडं पुसून फळीवर परत लावायला घेतलं. बाहेर हातोडीचा घाव पडला की तिचा हात थांबायचा. पुन्हा कॉम्प्रेसरची धडधड ऐकू आली की ती पुढचं भांडं उचलायची.