तो हवेत असताना

धाकट्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी घड्याळजीची बायको दवाखान्यात होती. उशाशी तिचं गजराचं घड्याळ होतं, परदेशातल्या मुलाच्या वेळेवर लावलेलं, साडेपाच तास पुढं. मुलगा येत होता. दहा हजार किलोमीटर, बारा तास, इथल्या संध्याकाळी सहाला उतरणार. "तो हवेत असताना मला झोपेचं इंजेक्शन नको," तिनं बजावलेलं. त्या झोपेतून ती उठणार नाही, हे डॉक्टरांनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. दुपारी साडेबाराला, वेदनेनं चादर मुठीत आवळत, तिनं घड्याळ पाहिलं. "अहो, सहा वाजले की! उतरला का पोरगा?" विमान अजून साडेपाच तास लांब होतं. घड्याळजी तिच्या मुठीकडं पाहत राहिला. "उतरला. टॅक्सीवाल्याशी भांडतोय." "तुमच्यावरच गेलाय," पुटपुटत तिनं हात पुढं केला. त्यानं नर्सला खूण केली. त्याच दुपारी चारला ती वारली.