पुढच्या उन्हाळ्याच्या छड्या

सावेली बटाटे सोलत बसला होता. सहज मान वर करून त्याने खिडकीबाहेर पाहिलं, आणि सुरी तिथेच टाकून तो घरातल्या सपात्यांनिशीच मागच्या अंगणात धावला.

रासबेरीच्या ओळीपाशी त्याची बायको तैसिया ओणवी होऊन काम करत होती. डोक्याला रुमाल, हातात छाटणीची कात्री. तिच्या मागे छड्यांचा ढीग पडला होता, आणि ढीग हिरवा होता.

रशियातल्या उराल डोंगरांतल्या त्या गावात शेंबडं पोरही सांगेल की रासबेरीची छडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या उन्हाळ्यात फळते आणि मग वाळून जाते. ऑक्टोबर लागला की वाळक्या कापायच्या, कोवळ्या राखायच्या, चार-चारच्या जुड्या बांधून जमिनीलगत वाकवायच्या, म्हणजे हिवाळाभर त्या बर्फाखाली सुखरूप राहतात. तैसियाने नेमकं उलटं केलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात फळायच्या त्या तिने बुडातून कापल्या होत्या आणि मेलेल्या छड्यांच्या जुड्या बांधून ती त्यांना वाकवत होती. त्या वाकतात कुठल्या, कडाकड मोडत होत्या. मोडलेला तुकडाही ती नीट जागेवर ठेवत होती.

"तैसिया, काय करून बसलीस हे?"

"डोळे फुटले का तुझे? थंडीच्या आत वाकवायला नकोत?" मान वर न करता ती म्हणाली. "जा, बटाटे बघ तुझे."

सावेली ढिगापाशी उकिडवा बसून छड्या चाळू लागला. गेल्या दोन वर्षांत ती पोटच्या मुलीचं नाव विसरली, चुलीचं दार लावायला विसरली, एकदा तर कोट न घालताच नदीच्या वाटेला लागली होती. शहरात राहणारी मुलगी, रिम्मा, वृद्धाश्रमाचा विषय काढायची तेव्हा त्याचं एकच उत्तर ठरलेलं असायचं, "डोकं विसरलंय, हात नाही विसरलेत. रासबेरीचं अजून तीच बघते." गेल्या आठवड्यात फोनवर तर त्याने कहरच केला. म्हणाला, "ज्या दिवशी तिला रासबेरी कळेनाशी होईल त्या दिवशी ये. मी स्वतः तिचे कपडे भरून देतो." माणसाने जिभेला लगाम घालावा, तो काही त्याने घातला नाही. आणि आज अकराच्या बसने रिम्मा तेच बघायला येत होती.

फाटक वाजलं. ढीग लपवायला वेळ नव्हता. सावेलीने उठून तैसियाच्या हातातली कात्री ओढून घेतली.

रिम्मा घराच्या कोपऱ्याशीच थबकली. याच ओळीतली फळं खाऊन ती मोठी झाली होती. ढीग कसला आहे ते तिला सांगावं लागलं नाही.

"बाबा, हे कोणी केलं?"

"मी." आवाज बरा निघाला त्याचा. "सकाळपासून लागलोय. नवी कुठली नि जुनी कुठली, कळेचना बघ. म्हटलं, हिरव्या उडवू." कुंपणाच्या कडेला कोवळ्या छड्यांचं एकच बेट वाचलं होतं. तिला खरं वाटावं म्हणून तो खाली वाकला आणि तेही त्याने कापून टाकलं. छड्या रसरशीत होत्या, कात्री सहज चालली. चेहरा त्याने वेंधळाच ठेवला.

तैसिया उसळली. "चाळीस वर्षं घसा फोडून सांगतेय याला, माझ्या ओळीत शिरू नकोस म्हणून. मेल्या, कोवळं कापतं का कोणी?"

सावेलीला भरून आलं. किती महिन्यांनी ती अशी खणखणीत रागावली होती. "ऐकलंस ना?" तो रिम्माला म्हणाला. "तिला सगळं कळतंय."

रिम्मा आईकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. पुढे होऊन तिने त्याच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली, लहान मुलाच्या हातून काढावी तशी.

"बाबा, एकीचंच डोकं गेलंय असं धरून चालले होते मी," ती म्हणाली. "तुम्ही धड होतात म्हणून दोन वर्षं गप्प बसले. आता चूल कोण विझवणार? ती नदीकडे निघाली तर मागे कोण धावणार?" तिने बाहीला नाक पुसलं. "वृद्धाश्रमात बायकांच्या खोलीत एक खाट रिकामी आहे. आईला आजच नेते. तुमचं काय ते मग बघू."

सावेलीने तोंड उघडलं. मी नाही, तिने कापलं, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तरी तिला जावंच लागणार होतं, आणि तेही त्याच्याच शब्दावर. तो खाली वाकून कापलेल्या छड्या गोळा करू लागला.

तैसियाने सगळं कान देऊन ऐकलं होतं, आणि तिला ते पटलेलंही दिसलं. हात पुसत ती रिम्माच्या जवळ आली आणि परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीने, आवाज उतरवून म्हणाली,

"घेऊन जा याला, बाई. नीट सांभाळा. बिचाऱ्याला आताशा काही कळत नाही. माझं काय, मी राहीन एकटी."