एका प्लगपुरती वीज

शहराला वेढा पडल्यापासून वीज दुपारी तासभरच यायची, तीही एका प्लगपुरती. ती आली रे आली की आजीचा मुलगा फोन चार्जिंगला लावून बातम्यांत डोकं खुपसायचा. आज मात्र आजीने त्याची पिन उपटून ओव्हनची खोचली. केकसाठी अंडी नव्हती, लोणी नव्हतं. सोडा होता, व्हिनेगर होतं आणि आजीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकेचा हट्ट होता. "आई, डोकं फिरलंय का तुझं? बाहेर तोफा धडाडतायत!" "धडाडू देत. चार दिवस तुझी पोर भेदरून टेबलाखाली बसलीय. तुझ्या बातम्या ऐकून आली का बाहेर?" केकचा वास सुटला, तशी नात टेबलाखालून रांगत येऊन ओव्हनसमोर फतकल मारून बसली. तेवढ्यात, वेळेआधीच, वीज गेली. "झालं! बसला केक," म्हणत मुलगा ओव्हनचं दार उघडायला वाकला. "खबरदार हात लावलास तर!" आजी कडाडली. "वीज त्यांनी तोडली. आतली ऊब आपली आहे."