पुदिन्याचे दोन थेंब

"वास हुंगून कधी ओकाऱ्या थांबतात काय?" बाळाराम म्हणाला.

सुवर्णा सिस्टरने कापसाच्या बोळ्यावर पुदिन्याच्या तेलाचे दोन थेंब टाकले. "औषधं चालूच राहतील, आजोबा. हे जोडीला. थांबल्या तर बरंच ना?"

खाटेवर बाळारामची बायको कमळा डोळे मिटून पडली होती. पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, टाकेही सुकत होते. पण घोटभर पेज पोटात टिकत नव्हती. पेज टिकल्याशिवाय सलाइन निघणार नाही आणि घरीही सोडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिकडे गावी, कशेळीला, दारात मांडव पडला होता. रविवारी नातवाची, देवेशची हळद. पहिली हळद आजीच लावणार, नाहीतर पाटावर बसतच नाही, असा त्याचा हट्ट.

"आता तुम्ही बाहेर थांबा," सिस्टर म्हणाली.

"मी? मी काय तुझा वास खाऊन टाकणार हाय?"

"जवळ कुणी नको. पेशंटने एकटीने, शांतपणे हुंगायचं. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलंय."

बाळाराम कुरकुरत उठला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, चापून बसवलेले केस, कानात फाया, गळ्यात दोरीला लटकवलेला मोबाइल. एरवी लुंगीवर गावभर फिरणारा हा माणूस बायकोचं ऑपरेशन झाल्यापासून रोज असा नटून येई आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तिचा हात धरून बसे. बायकांच्या वॉर्डात त्याचं फार कौतुक होतं.

अर्ध्या तासाने तो आत आला तेव्हा पेजेची वाटी रिकामी होती.

"टिकली?"

"टिकली," कमळा म्हणाली आणि हसली.

तो आनंदाने तिच्या उशाशी बसला. थोड्याच वेळात तिचा चेहरा पुन्हा उतरला. मग त्यानेच हाक मारली, "ओ सिस्टर! पुदिना आणा!" आणि न सांगता स्वतःच बाहेर गेला.

त्यानंतर बाळाराम तेलाचा भक्तच झाला. भेटायला येणाऱ्यांना तो व्हरांड्यातच अडवी. "आत जाऊ नका. तिची वासाची वेळ हाय."

वॉर्डातल्या इतर बायकांनाही चटक लागली. टाके ठणकणाऱ्या एकीने लॅव्हेंडरच्या तेलाचा बोळा उशीच्या अभ्र्यातच ठेवून घेतला आणि कण्हायची थांबली. शेजारच्या खाटेवरची आक्का म्हणाली, "मला तर तेल दिलंपण न्हाय. कमळाबाईचं चाललं की माझंही डोकं दुखायचं थांबतं."

"बघा, शेजाऱ्यालापण गुण!" दारातून बाळाराम म्हणाला.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. रात्रभर काही उलटलं नव्हतं. त्यांनी सलाइन काढायला सांगितलं आणि वर म्हणाले, "जा आजी, पण हळदीत नाचू नका."

"ती कुठली ऐकते!" बाळाराम म्हणाला. मग सुवर्णाकडे वळून त्याने हात जोडले. "पोरी, मी तुला हसलो, माफ कर. एक बाटली घरी नेतो. मांडवात तिच्या हातातच ठेवतो."

तिने बाटली दिली. ती सदऱ्याच्या खिशात जपून ठेवून तो गाडी दाराशी लावायला गेला. जिन्यात भेटेल त्याला पुदिन्याची महती सांगत होता, ती वरपर्यंत ऐकू येत होती.

सुवर्णा कमळाचं लुगडं नीट करत हळूच म्हणाली, "आजी, घरी आजोबांना बाहेर काढायला मी नसेन. त्यांच्या कानातलं अत्तर सोसत नाही म्हणून एकदाचं सांगून का टाकत नाही?"

"उभा जन्म खाडीचा चिखल अंगाला घेऊन जवळ बसले, तेव्हा मी काय बोलले न्हाय," कमळा म्हणाली. "आता पहिल्यांदा माझ्यासाठी वास लावून येतात, तर नको म्हणू?"